निसर्गोपचाराला पहिल्यांदा जाताय? आधी गोळ्यांची यादी काढा

निसर्गोपचार केंद्राची पायरी पहिल्यांदा चढणारे लोक साधारण दोन प्रकारचे असतात. एकाला वाटतं, माती, पाणी, उपवास, यात कसला आलाय धोका? झाला तर फायदाच. दुसरा सगळे डॉक्टर करून थकलेला असतो आणि आता इथेच काय ते होईल अशा आशेने येतो. दोघेही बहुतेक वेळा एकच गोष्ट घरी ठेवून येतात: चालू औषधांची चिठ्ठी. एकाला ती इथे लागेल असं वाटत नाही, दुसऱ्याला तिचा उबग आलेला असतो.

नेमकी तीच चिठ्ठी सगळ्यात जास्त लागते. तुमचे फॅमिली डॉक्टर आणि निसर्गोपचार तज्ज्ञ एकमेकांना फोन करतील, ही अपेक्षा आपल्याकडे धरू नका. या दोघांमधला निरोप्या तुम्हीच. पुढचं सगळं हे काम नीट कसं करायचं याबद्दल आहे.

आधी ठरवा, कशासाठी जायचं

"शरीर शुद्ध करायचं आहे" हे कारण पुरेसं नाही. जुनाट बद्धकोष्ठता, वाढलेलं वजन, अलीकडेच निघालेला टाइप २ मधुमेह, थोडा वर गेलेला रक्तदाब, दुखरे गुडघे, आखडलेली कंबर, उडालेली झोप: अशा तक्रारींसाठी जाण्यात अर्थ आहे. त्यांचं मूळ बरंचसं रोजच्या खाण्या-बसण्यात असतं आणि निसर्गोपचार तिथेच हात घालतो. शेक, पाणी आणि मसाज यांनी दुखणं हलकं होतं. वजन उतरलं की साखर आणि बीपीही उतरतात. यात गूढ काही नाही.

मधुमेहाबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण "मधुमेह मुळापासून बरा" असे फलक जागोजागी दिसतात. ब्रिटनमध्ये झालेल्या 'डायरेक्ट' या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या आणि इन्शुलिन न घेणाऱ्या लोकांना काही महिने अतिशय कमी उष्मांकाचा आहार दिला गेला. वर्षाअखेरीस त्यांतल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधांविना मधुमेहाच्या रेषेखाली होती. म्हणजे आहाराने एवढं होऊ शकतं, हे खरं. पण हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली झालं, निम्म्याहून जास्त लोकांना ते साधलं नाही, आणि वजन परत चढलं की साखरही परत चढते. "मुळापासून बरा" म्हणणारा यातलं पहिलं वाक्य सांगतो आणि बाकीची गाळतो.

काही तक्रारी घेऊन मात्र इथे पहिल्यांदा येऊच नये. छातीत दुखणं, अचानक एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, न समजणारा ताप, स्तनात किंवा मानेत गाठ, शौचातून किंवा लघवीतून रक्त, पोटात असह्य कळ, कारण नसताना घटणारं वजन. यांचं निदान आधी व्हायला हवं. टीबीचं, अपस्माराचं किंवा कर्करोगाचं औषध चालू असेल तर निसर्गोपचार त्याच्या जोडीला, त्याच्या जागी कधीच नाही. टीबीच्या गोळ्या मध्येच सोडल्या तर पुढे त्या गोळ्यांना दाद न देणारा टीबी होऊ शकतो, आणि तो घरातल्यांनाही होऊ शकतो.

कोणी "गांधीजींनी तर कधी..." असं सुरू केलं तर त्यांना १९२४ सालची आठवण करून द्या. माती-पाण्यावर आयुष्यभर श्रद्धा असलेल्या गांधीजींना येरवड्याच्या तुरुंगात अपेंडिक्सचा त्रास झाला. १२ जानेवारीच्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. गांधीजींनी ती करून घेतली आणि बरे झाल्यावरही निसर्गोपचार सोडला नाही. दोन्हींची जागा त्यांना माहीत होती.

कोणाकडे जायचं

बीएनवायएस ही निसर्गोपचार आणि योग यांची पदवी. बारावी विज्ञान शाखेनंतर साडेचार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची इंटर्नशिप, असा साडेपाच वर्षांचा हा अभ्यासक्रम आहे. त्यात शरीररचना, शरीरक्रिया आणि विकृतिशास्त्र हे विषय असतात. हे महत्त्वाचं अशासाठी की तुमच्या रिपोर्टमधलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारा आकडा) वाढलेलं दिसल्यावर उपचार बदलायचा असतो, हे शिकलेला माणूस समोर हवा. या पदवीची बहुतेक महाविद्यालयं कर्नाटक आणि तमिळनाडूत आहेत, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या केंद्रांत दाक्षिणात्य नावाचे डॉक्टर भेटले तर नवल नाही.

पण "निसर्गोपचार तज्ज्ञ" ही पाटी कोणीही लावताना दिसतो. कोणाकडे पदविका असते, कोणी काही महिन्यांचा कोर्स केलेला असतो, कोणी बीएएमएस वैद्य असतात आणि जोडीला मातीपट्टी, वाफ देतात. यातले काही जण अनुभवी आणि चांगले असतातही. अडचण अशी की ते तपासायची एकच खिडकी नाही. आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पा (तिबेटी वैद्यक) यांच्यासाठी २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय आयोग आला. योग आणि निसर्गोपचार त्याच्या कक्षेत नाहीत. कर्नाटकासारख्या राज्यांत राज्य पातळीवर नोंदणी होते. म्हणून फोनवरच सरळ विचारा: डॉक्टरांची पदवी कोणती, कोणत्या महाविद्यालयाची, नोंदणी कुठे आहे, आणि उपचार चालू असताना ते स्वतः केंद्रात असतात का. शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. काही ठिकाणी डॉक्टर फक्त पहिल्या दिवशी दिसतात आणि नंतर सगळा कारभार थेरपिस्टवर चालतो.

महाराष्ट्रात सुरुवात करायला पुणे सोयीचं. स्टेशनजवळ ताडीवाला रोडवर बापू भवनात केंद्र सरकारची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. डॉ. दिनशा मेहता यांचं निसर्गोपचार केंद्र इथेच होतं आणि गांधीजी इथे राहून उपचार घेत. १९८६ पासून इथे सरकारी संस्थेचं काम चालतं. ओपीडीत दाखवून, उपचार घेऊन घरी परतता येतं, त्यामुळे आठवडाभराची रजा न काढता हे प्रकरण आपल्याला झेपतंय का ते कळतं. निवासी उपचारांसाठी सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव म्हणजे सोलापूर रस्त्यावरचं उरुळीकांचन. मार्च १९४६ मध्ये गांधीजी तिथे राहिले, गावकऱ्यांना तपासलं आणि पुढचं काम मणिभाई देसाईंवर सोपवलं. (हेच मणिभाई पुढे १९६७ मध्ये 'बायफ' ही शेती-पशुपालनातली संस्था सुरू करून संकरित गायी घराघरांत पोहोचवणार होते.) खेड्यातल्या गरिबाला परवडेल असा उपचार, हा त्यामागचा विचार होता. आज त्याच माती-पाण्यासाठी डोंगरमाथ्यावरची रिसॉर्ट्स एका रात्रीचे काय घेतात ते पाहिलं की गंमत वाटते.

अमेरिका-कॅनडातल्या मराठी मंडळींनी एक फरक ध्यानात ठेवावा. तिथला 'नॅचरोपॅथिक डॉक्टर' वनौषधी, जीवनसत्त्वं आणि पूरक गोळ्या भरपूर लिहून देतो. आपल्याकडचा पारंपरिक निसर्गोपचार कसलंच औषध देत नाही. वॉशिंग्टन, ओरेगन, ओंटारिओ, ब्रिटिश कोलंबिया इथे त्यांना परवाना लागतो. सगळीकडे तसं नाही. तिथून घेतलेल्या पूरक गोळ्या इथल्या यादीतही लिहायला हव्यात.

यादी अशी काढा

एक कागद घ्या. त्यावर प्रत्येक गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, कधी आणि कधीपासून ते लिहा. गोळीचं नाव पाठ नसेल तर रिकामी पाकिटं पिशवीत टाकून न्या. "ती छोटी पांढरी" याने कोणाचंच काम होत नाही. त्याखाली शस्त्रक्रिया, ॲलर्जी, जुने आजार लिहा. सोबत गेल्या तीन महिन्यांतले रिपोर्ट: एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, थायरॉइड, आणि साठीच्या पुढे असाल तर ईसीजी.

मग हा कागद घेऊन आधी फॅमिली डॉक्टरकडे जा. "उपवास, रसाहार, वाफ आणि एनिमा असे उपचार घेणार आहे. यातल्या कोणत्या गोळीचं काय करायचं?" एवढंच विचारा आणि उत्तर त्याच कागदावर लिहून घ्या. काही डॉक्टर नाक मुरडतील. मुरडू द्या, उत्तर मात्र घेऊनच उठा.

हा खटाटोप का, ते औषधागणिक सांगतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या किंवा इन्शुलिन घेऊन उपवास केला तर साखर धोकादायक खाली जाते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या नव्या गोळ्यांचा धोका वेगळाच: उपवासात किंवा पिष्टमय पदार्थ एकदम बंद केल्यावर रक्तात आम्ल साठू शकतं, आणि तेही साखर फारशी वाढलेली नसताना. त्यामुळे ग्लुकोमीटर "सगळं ठीक" सांगतो आणि माणूस मळमळत, धापा टाकत पडलेला असतो. बीपीसाठी किंवा सुजेसाठी लघवीची गोळी चालू असेल तर वाफेतला घाम, एनिमा आणि रसाहार मिळून अंगातलं पाणी आणि क्षार घटवतात. उठल्यावर चक्कर येते. वॉरफेरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध असेल तर रोज अचानक पेलाभर पालेभाजीचा रस सुरू केल्याने त्याचा परिणाम कमी होतो, कारण पालेभाज्यांत के जीवनसत्त्व भरपूर असतं. मूत्रपिंड अशक्त असेल तर शहाळं, संत्र्याचा रस, टोमॅटो यांतलं पोटॅशियम साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. महिनोन् महिने स्टेरॉइड घेणाऱ्याने ते एका दिवसात सोडलं तर प्राणावर बेतू शकतं. मानसिक आजारासाठी लिथियम चालू असेल तर भरपूर घाम आणि मीठबंदी यांनी रक्तातलं त्याचं प्रमाण वाढतं.

गरोदर असाल, किंवा तशी शक्यता असेल, तर तेही या कागदावर सगळ्यात वर. उपवास, एनिमा, वाफ यातलं काहीही तेव्हा नको.

पहिली भेट

ही भेट लांबते. पाऊण तास, तासभर धरून चला. भूक कशी लागते, पाणी किती पिता, शौचाला किती वेळा आणि कसं, घाम, झोप, पाळी, जेवणाच्या वेळा, रात्री किती वाजता जेवता, असे प्रश्न येतात. खरं उत्तर द्या. "रात्री हलकंच जेवतो" म्हणणाऱ्याचं साडेदहाचं ताट बायकोने तिथेच सांगितलं की दोघांचीही पंचाईत होते, तेव्हा शक्य असेल तर घरातलं कोणीतरी बरोबर न्याच.

डॉक्टर वजन, कंबरेचा घेर, बीपी, नाडी, जीभ पाहतील. काही ठिकाणी डोळ्याच्या बुबुळावरून किंवा चेहऱ्याच्या ठेवणीवरून निदान करतात. बुबुळावरून निदान करण्याची पद्धत जिथे नीट तपासली गेली तिथे ती टिकली नाही. त्यावरून कोणी "तुमचं यकृत खराब आहे" म्हणालं तर घाबरू नका. रक्ताची तपासणी करून घ्या.

निघण्याआधी तीन गोष्टी तोंडून वदवून घ्या. हे उपचार किती दिवस करायचे, सुधारणा कशावरून मोजायची, आणि किती दिवसांत फरक नाही पडला तर काय करायचं. वजन, उपाशीपोटीची साखर, गुडघा किती वाकतो, आठवड्यात किती रात्री सलग झोप लागली: काहीतरी मोजता येईल असं हवं. "आतून बदल होत असतो, तो दिसत नाही" असं उत्तर आलं तर मी तरी दुसरं केंद्र शोधेन.

प्रत्यक्ष उपचार

नव्या माणसाला सर्वांत जास्त संकोच वाटतो तो इथेच, म्हणून जरा सविस्तर.

मातीपट्टी सगळ्यांत सोपी. जमिनीच्या वरच्या थराची माती घेत नाहीत; तीन-चार फूट खालची काढून, वाळवून, चाळून, भिजवून कापडात गुंडाळतात आणि पोटावर किंवा डोळ्यांवर वीस-तीस मिनिटं ठेवतात. गार लागते, पहिल्या मिनिटाला पोट आत ओढलं जातं, मग बरं वाटतं. एकावर वापरलेली माती दुसऱ्यावर वापरायची नसते. हे विचारायला लाजू नका. जखम किंवा इसब असेल तिथे माती नको.

कटिस्नान म्हणजे खास आकाराच्या टबात कंबर आणि ओटीपोट पाण्यात, पाय आणि धड बाहेर. गार, गरम किंवा आलटून-पालटून. पुण्याच्या थंडीत गार पाण्यात बसणं म्हणजे खरी परीक्षा. पाळीच्या दिवसांत आणि लघवीला जळजळ असताना ते करत नाहीत.

गरम पादस्नानात पाय गुडघ्याखालपर्यंत गरम पाण्यात बुडवून, डोक्यावर ओला टॉवेल ठेवून, अंगावर ब्लँकेट घेऊन बसायचं असतं. निरुपद्रवी दिसतं. पण जुन्या मधुमेहात तळपायाची संवेदना गेलेली असते, आणि पाणी चटका देण्याइतकं गरम आहे हे पायाला कळतच नाही. फोड येतो, तो चिघळतो, आणि महिनाभर ड्रेसिंगच्या फेऱ्या सुरू होतात. पाण्यात आधी थेरपिस्टने कोपर बुडवून पाहिलं पाहिजे. तुमच्या पायाच्या भरवशावर राहू नका.

बाष्पस्नानात पेटीत बसवतात, डोकं बाहेर असतं. आत जाण्याआधी पेलाभर पाणी प्या. डोक्यावर गार टॉवेल हवाच. पेटीची कडी आतून उघडता येते का ते पाहा. नसेल तर थेरपिस्टने खोलीतून हलायचं नाही. हृदयविकार, ताब्यात नसलेला बीपी, ताप यांत वाफ टाळा. जीव घाबरला तर लगेच बाहेर या, "अजून पाच मिनिटं राहिलीत" म्हणून बसून राहू नका.

एनिमा म्हटलं की निम्मे लोक फोन ठेवतात. कोमट पाण्याचा असतो, पाच-दहा मिनिटांचं काम. दुखत नाही, अवघडल्यासारखं होतं इतकंच. नळी तुमची स्वतःची, नवी असली पाहिजे. औषधाच्या दुकानात सबंध संच मिळतो, तो विकत घेऊन नेलेला बरा. मूळव्याध, भगेंद्र, हर्निया किंवा पोटाची अलीकडची शस्त्रक्रिया असेल तर आधी सांगा. आणि घरी परतल्यावर रोज एनिमा घ्यायची सवय लावून घेऊ नका. ज्या बद्धकोष्ठतेसाठी गेलात तीच मग कायमची होऊ शकते.

मसाज बाईंना बाई आणि पुरुषांना पुरुष करतात. तसं नसेल तर नकार द्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, कारण सांगायचीही गरज नाही. पोटरी सुजलेली, एकाच पायात दुखणारी, गरम लागणारी असेल तर तिला मसाज करू देऊ नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, आणि ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. जुनी अंतर्वस्त्रं, जुना टॉवेल न्या, तेलाचे डाग निघत नाहीत.

जलनेतीचं (एका नाकपुडीतून पाणी घालून दुसरीतून काढायचं असतं) पाणी उकळून कोमट केलेलं हवं, नळाचं थेट नाही. नाकातून मेंदूपर्यंत जाणारा एक अमीबा कच्च्या पाण्यात क्वचित असतो. क्वचित असला तरी तो प्राणघातक आहे. शंखप्रक्षालनात पोट साफ व्हावं म्हणून लिटर-लिटर मिठाचं पाणी प्यायचं असतं. ते यूट्यूब बघून घरी करायची गोष्ट नाही, आणि बीपी, हृदय किंवा मूत्रपिंडाची तक्रार असेल तर केंद्रातही नको.

ताट, रस आणि चहा

इथल्या आहाराच्या तीन पायऱ्या असतात. आधी शोधक: लिंबूपाणी, शहाळं, भाज्यांचं सूप, ताक, फळांचे रस. मग शामक: फळं, कोशिंबिरी, उकडलेल्या भाज्या, मोड आलेली कडधान्यं. शेवटी पोषक: ज्वारी-बाजरीची भाकरी, हातसडीचा तांदूळ, डाळ, दही. पहिली पायरी किती दिवसांची हे माणसागणिक ठरायला हवं. सगळ्यांना एकच छापील तक्ता मिळत असेल तर तुमचा कागद कोणी वाचलेला नाही असं समजा.

दुसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागतं. केंद्रात त्याला "विषद्रव्यं बाहेर पडताहेत" म्हणतात, कोणी "हीलिंग क्रायसिस" म्हणतं. बहुतेकांच्या बाबतीत बाहेर पडलेला असतो तो चहा. रोज तीन-चार कप घेणाऱ्याचा चहा एकदम थांबला की बारा ते चोवीस तासांत डोकेदुखी सुरू होते, एक-दोन दिवस चढते आणि आठवड्याभरात निवते. म्हणून जायच्या आधीच्या पंधरवड्यात चहा हळूहळू एका कपावर आणा. निम्मा त्रास तिथेच संपतो.

डोकेदुखी, थोडा थकवा, जिभेवर पांढरा थर, इतकं ठीक. उलट्या थांबत नाहीत, लघवी कमी झाली, बोलणं अडखळतंय, छातीत धडधडतंय, ताप चढला, याला "क्रायसिस" म्हणून झोपून राहायचं नसतं. डॉक्टरांना बोलवा, ते नसतील तर १०८.

दुधीच्या रसाबद्दल वेगळं सांगायलाच हवं. दुधी कडू निघाला तर त्यातल्या कुकुरबिटासिनमुळे तीव्र उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी होऊन बीपी कोसळतो. भारतात यामुळे मृत्यू झाले आहेत आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्याबद्दल इशारा दिला आहे. यावर उतारा नाही. दुधीची एक फोड आधी चाखा. किंचित कडू लागली तरी सगळा टाकून द्या. दुसऱ्या रसात मिसळू नका, कडूपणा लपतो. "औषध कडूच असतं" म्हणून नाक दाबून पिणं तर नकोच.

मधुमेही असाल तर उशाशी ग्लुकोमीटर आणि पुडीत साखर. आश्रमात साखरेला विष म्हणतात, तरी पुडी ठेवाच. घाम, थरथर, भुकेची लाट, डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि मग डॉक्टरांना सांगा.

गोळ्या कोण कमी करणार

हा नियम कडक पाळा: जी गोळी ज्या डॉक्टरने सुरू केली, तिचा डोस त्याच्याशी बोलूनच कमी होईल. आहाराने साखर आणि बीपी खरोखर झपाट्याने उतरतात, तेव्हा जुना डोस तसाच चालू ठेवणंही धोक्याचं असतं. म्हणून रोजच्या नोंदी ठेवा, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोटो काढून फॅमिली डॉक्टरांना पाठवा. "आजपासून सगळ्या गोळ्या बंद" असं कोणी तोंडी सांगितलं तर म्हणा, चिठ्ठीवर सही करून लिहून द्या. बरेचदा तिथेच सूर बदलतो. थायरॉइडची गोळी मात्र पहाटे साध्या पाण्यासोबत, लिंबू-मधाच्या पाण्याच्या अर्धा तास आधी, रोजच्यासारखीच. दम्याचा पंप खिशात.

राहायला जाणार असाल

उरुळीसारख्या ठिकाणी जागा आधी बुक करावी लागते; सुट्टीच्या हंगामात तर खूपच आधी. संसर्गजन्य आजार, गंभीर मानसिक आजार किंवा दुसऱ्याच्या आधाराशिवाय चालता न येणारे रुग्ण अनेक आश्रम घेत नाहीत, तेव्हा विचारून निघा. पहाटे उठणं, प्रार्थना, योगासनं, उपचार, अकराच्या सुमारास जेवण, दुपारी विश्रांती, संध्याकाळी दिवेलागणीलाच दुसरं जेवण, असा दिवस असतो. सुती सैल कपडे, शाल, बॅटरी, चालायची चप्पल आणि गोळ्या पुरून उरतील इतक्या. पहिल्यांदाच जात असाल तर लांबलचक पॅकेज घेऊ नका. आठवडा-दहा दिवस बघा, आगाऊ रक्कम परत मिळते का ते पावतीवर वाचा.

विमा

"आयुष उपचार समाविष्ट" (आयुष म्हणजे आयुर्वेद, योग-निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, होमिओपॅथी) हे पॉलिसीच्या पहिल्या पानावर असतं. मागच्या पानांवर अपवादांत 'हेल्थ हायड्रो, नेचर क्युअर क्लिनिक, स्पा' यांतले उपचार वगळल्याचं प्रमाणित कलम असतं, कोड १३. आयुष रुग्णालय म्हणून मान्य व्हायला किमान खाटा, चोवीस तास पात्र डॉक्टर, नोंदी अशा अटी असतात. त्यामुळे दाखल होण्याआधी केंद्राचं पूर्ण नाव टीपीएला (विमा कंपनीच्या वतीने दावे पाहणारी संस्था) ईमेल करा आणि लेखी होकार किंवा नकार मिळवा. तोंडी "होऊन जाईल" याला पुढे काही किंमत नसते.

घरी आल्यावर

आठवड्याच्या आत फॅमिली डॉक्टरकडे, तीच यादी आणि केंद्राचं डिस्चार्ज कार्ड घेऊन. वजन, बीपी, साखर तिथे पुन्हा मोजून घ्या. मधुमेही असाल तर एचबीए१सी तीन महिन्यांनी, त्याआधी केल्याने नीट अंदाज येत नाही. तिथे उतरलेल्या तीन-चार किलोंतलं बरंचसं पाणी असतं, त्यातलं काही पहिल्या आठवड्यातच परत येईल. ते धरूनच हिशोब करा.

तिथलं सगळं घरी चालवायला जाऊ नका, दोनच गोष्टी उचला. रात्रीचं जेवण साडेसातच्या आत आणि जेवणाआधी ताटभर कोशिंबीर, एवढं बहुतेक घरांना झेपतं. घरातले बाकीचे नऊला जेवत असतील तर त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी तुम्ही त्यांच्या पंगतीला दुसऱ्यांदा बसलेले असाल. महिन्याभराने केंद्रात पुन्हा दाखवायला जाताना यादी नव्याने लिहा, कारण मधल्या काळात एखाद्या गोळीचा डोस बदललेला असतो.